आतली कडी

बंगळूर,
८ मार्च १९९८

तीर्थरूप बाबांना,

चारूचा नमस्कार. आईला वेगळा नमस्कार. तो तिला वाचून दाखवा, मधल्यामधे गिळून टाकू नका.

मी मजेत आहे. इथला उन्हाळा आपल्यासारखा भाजून काढत नाही. ज्वारीचं पीठ मिळायला लागलंय, भाकरी मी स्वतः थापते. फुगते, पण एकाच बाजूला, दाढ दुखल्यावर गाल सुजतो तशी. आईला सांगा, ती हसेल.

आईच्या नावाने पाठवलेली पत्रं परत आली. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असं लिहिलेलं होतं आणि अक्षर तुमचं होतं. म्हणून हे पत्र तुमच्या नावाने लिहिते आहे. तुमचं पत्र तुम्ही नाकारणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

बातमी अशी की कंपनी मला सिंगापूरला पाठवते आहे, दोन वर्षांसाठी. दोन हजार साल लागलं की जुन्या कॉम्प्युटरांना तारीख कळेनाशी होणार आहे म्हणे. त्यांना वाटेल, एकोणीसशे सालच परत आलं. त्या सगळ्या तारखा आधीच दुरुस्त करून ठेवायच्या, हे आमचं काम. तुम्ही म्हणाला होतात, हिमायतनगरच्या त्या क्लासात पोरी टाइपरायटरलाच कॉम्प्युटर समजून बसतात. बसले खरी मी, पण जरा लांबपर्यंत बसले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विमान आहे. त्याआधी दोन दिवस हैदराबादला येते. उतरणार माझ्या मैत्रिणीकडे, त्रिवेणीकडे, तुम्हाला त्रास नाही. मला आईला भेटायचं आहे. घरी येऊ का? नको असेल तर तिला नल्लकुंट्याला इंदुआत्याकडे पाठवा. तुम्ही बाहेर रिक्षात बसा, हवं तर घड्याळ लावून बसा. मला फक्त तिला बघायचंय.

कोर्टाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण न लिहिता पुढे जाता येत नाही. मालनबाईंनी मला कोंडून ठेवलंय असं तुम्ही अर्जात लिहिलंत. ज्या बाईने मला हॉस्टेलात जागा दिली, तिला तुम्ही पोलिसांच्या जीपमधून कोर्टात आणलंत. मी तिथे जे बोलले ते परत बोलेन. मला सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न करायचं नव्हतं, आणि हे घरात सांगून झालं होतं. फक्त आई तिथे भिंतीला टेकून उभी होती, तिचे डोळे मला अजून दिसतात. तिला त्यात ओढायला नको होतं, तुम्हीही आणि मीही.

एक विचारायचं आहे. पासपोर्टावर दहा जून सत्त्याहत्तर आहे, शाळेतली. तुम्ही कोर्टात म्हणालात ती खोटी, आई म्हणाली ती खरी. आई खोटं बोलत नाही, म्हणून तुम्ही बोललात असं मी इतके दिवस धरून चालले. पण जाण्याआधी नक्की माहीत असावं असं वाटतं. मी किती वर्षांची आहे, बाबा? आईला विचारून लिहा.

तिचे गुडघे कसे आहेत? रेशनच्या दुकानात तिला उभी करू नका.

तुमची,
चारू


अंबरपेठ, हैदराबाद
१९ मार्च १९९८

चि. चारुलता हीस,

आशीर्वाद. मुलांना पत्र लिहिताना पहिला शब्द हाच लिहायचा असतो, म्हणून लिहिला. त्यात भर घालायला माझ्याजवळ काही नाही.

पत्र पोचलं. पाकिटावर माझं नाव होतं म्हणून घेतलं. आधीची दुसऱ्याच्या नावाची होती. दुसऱ्याची पत्रं ठेवून घेणं हा गुन्हा असतो, आणि कायदा मोडायची आपल्या घराची रीत नाही.

तुझ्या विनंतीचं आधी लिहितो. आईला भेटायला माझी हरकत नाही. नल्लकुंट्यापर्यंत जायचीसुद्धा गरज नाही, ती अंबरपेठेतच आहे. त्याचं पुढे लिहितो. पत्र मोठं आहे, बसून वाच.

इकडचं सगळं ठीक. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. शेजारच्या रेड्डींनी केबल घेतलं, त्यांच्याकडे दिवसभर परदेशी बायका नाचतात आणि म्हातारा रेड्डी चष्मा पुसत बसतो. ऑफिसात कॉम्प्युटर आला आहे. त्याला थंड हवा लागते, म्हणून माझ्या डोक्यावरचा पंखा काढून त्याच्या खोलीत लावला. तू तारखा दुरुस्त करायला सिंगापूरला निघालीस हे वाचून बरं वाटलं. सगळ्या जगाच्या तारखा दुरुस्त कर. घरची एक राहिली आहे, ती मी इथेच करून देतो.

तुझी शाळेतली तारीख खोटी आहे. तू जन्मलीस अठ्ठ्याहत्तरच्या माघात. त्र्याऐंशीच्या जूनमध्ये आपल्या मराठी शाळेच्या पहिलीत पुरेशी मुलं नव्हती. वर्ग बंद करायची नोटीस आली होती. एकनाथराव हेडमास्तर आपल्या समाजाची दारं ठोठावत फिरत होते. आपल्याकडे आले, चहा घेतला आणि म्हणाले, “हिम्मतराव, पोरगी तरतरीत आहे, देऊन टाका. वय मी बघतो.” हैदराबादेत मराठीचा एक वर्ग जगावा म्हणून मी तुला दिली. त्यांनी दहा जून लिहिली. त्या वर्षी आलेल्या निम्म्या मुलांची तारीख दहा जूनच होती, जरा वर्गमित्रांना विचार. मुलांच्या तोंडून बाहेर फुटू नये म्हणून वाढदिवसही तेव्हाच करायचे, असं ठरलं. तुझी आई शिरा करायची आणि माघातल्या तुझ्या तिथीला देवापुढे गुपचूप एक जास्तीची वात लावायची. तुला वाटायचं एकादशी आहे.

तेव्हा तू गेल्याच महिन्यात वीस पूर्ण केलीस. आणि कोर्टापुढे उभी राहिलीस तेव्हा अठराची नव्हतीस. खरं कोण बोललं, हे आता तुला कळलं असेल.

तू मला काय समजतेस ते मला माहीत आहे. पण मी अर्ज केला तो काही डूख धरून नाही. तुझे आजोबा, म्हणजे आमचे दादा, निजामाच्या तुरुंगात होते तेव्हा माझी आजी चंचलगुड्याच्या त्या तुरुंगाच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. माणूस आत आहे की मेला, हे कुणी सांगत नसे, आणि विचारायला कोर्ट नव्हतं. दादा सुटून आले ते खोकला घेऊनच. म्हणून आपल्या घरात घटनेची गोष्ट देवाच्या गोष्टीसारखी सांगितली जायची. सातवीत सव्वीस जानेवारीला तू भाषण केलंस, ते मी लिहून दिलं होतं. “माणसाला कोंडणारा राजा असो की रयत, त्याला जाब विचारता येतो.” तू हात वर करून म्हणालीस आणि सगळी शाळा टाळ्या वाजवत होती. त्या दिवसाचा फोटो आपल्या बैठकीत होता.

म्हणून तू परीक्षेला म्हणून गेलीस आणि घरी आली नाहीस, तेव्हा मी पोलिसांच्या पाया पडलो नाही. अप्पाराव वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज करू. माणूस कुणी अडकवला असेल तर त्याला कोर्टापुढे आणून उभं करा, असा हुकूम हायकोर्ट काढतं, आणि तो हुकूम राजालाही मोडता येत नाही. मला वाटलं, दादांनी ज्यासाठी तुरुंग सोसला ते आता माझ्या कामाला येतंय. अर्जावर सही करताना मी दादांचं नाव मधे पूर्ण लिहिलं, चारू. आता हसू येतं.

कोर्टानं तुला हजर केलं. चोवीस तासांत केलं. कौतुक करण्यासारखं काम आहे.

न्यायमूर्तींच्या खोलीत तू काय बोललीस ते मला पाठ आहे. “साहेब, हॉस्टेलच्या खोलीला आतून कडी आहे. आमच्या घरी माझ्या खोलीची आतली कडी बाबांनी काढून टाकली. कोंडलं कुणी ते तुम्हीच सांगा.” मग माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलंस, राजा असो की रयत. हातसुद्धा तसाच वर केलास. थोरल्या न्यायमूर्तींना ते आवडलं. मला दिसत होतं.

कडी मी काढली, नाही म्हणत नाही. तू आत बसून रात्रंदिवस रडत होतीस आणि तुझी आई दाराशी. पोरीनं जिवाचं काही करून घेतलं तर दार फोडावं लागू नये, म्हणून काढली. हे मी तिथे सांगितलं नाही. परक्यांपुढे सांगायची ती गोष्ट नव्हती.

मग मी तुझी खरी तारीख सांगितली. मुलगी अज्ञान आहे, अठरा पूर्ण नाहीत, तिचा ताबा बापाकडे असतो. अप्पाराव म्हणाले होते, एवढं सिद्ध झालं की झालं. मालनबाईच्या वकिलानं शाळेचा दाखला पुढे केला आणि त्यावर तुझी लग्नपत्रिका ठेवली. थोरल्या न्यायमूर्तींनी ती उलटून पालटून पाहिली. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “हिम्मतराव साहब, बच्ची अगर सत्रह की है, तो ये शादी का कार्ड किसने छपवाया?”

दाखला खरा म्हणावा तर तू मोकळी. खोटा म्हणावा तर शाळेत खोटं लिहून देणारा मी, आणि अज्ञान मुलीचं लग्न लावणाराही मीच. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, दोन्हीकडून गुन्हेगार.

तेव्हा त्यांनी तुझ्या आईला विचारलं. “अम्मा, आप बोलिए. माँ को तो मालूम होगा.”

तिनं पदर डोक्यावर ओढला. भिंतीला टेकली होती, ती सरळ झाली. “साब, इस्कूल में लिखाए सो सहीच है. अठरा की हो गई मेरी बच्ची. इनकू तारीखां याद नै रहते.”

एवढंच. जन्मात त्या बाईनं मला परक्यापुढे खोटं पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते हायकोर्टात. मुलगी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं राहते, जगायचं आणि राहायचं स्वातंत्र्य तिला घटनेनं दिलं आहे, अर्ज फेटाळला. अर्जदारानं तिच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये. पायऱ्या उतरताना अप्पाराव मला म्हणाले, “वहिनींनी वाचवलं तुम्हाला.” मी म्हटलं, बुडवलं. तुला तिनं सोडवलं, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. त्या एका वाक्यात ती मलाही सोडवत होती की काय, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. उत्तर काढलं नाही. काढायचं नव्हतं.

घरी आल्यावर मी हुकुमाच्या नकलेला काच लावून घेतली. बैठकीतला तुझा भाषणाचा फोटो काढला आणि त्याच खिळ्याला ती लावली. तुझी आई रोज सकाळी देवाबरोबर तीही पुसायची. इंग्रजी तिला येत नव्हतं. तिच्याशी मी कामापुरतं बोलू लागलो. मीठ कमी आहे, चावी कुठे आहे. ती काही बोलायला लागली की म्हणायचो, कोर्टात बोललीस तेवढं पुरे. तुझं नाव निघालं की काचेकडे बोट दाखवायचो. हळूहळू बोट दाखवायचीही गरज उरली नाही. तू फोन केला होतास रेड्डींकडे. त्यांनाही मीच सांगितलं होतं, कोर्टाची मनाई आहे, तुम्ही का अडकता.

मागच्या आषाढात तिला कावीळ झाली. आधी घरचं औषध झालं, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. खाटेवर पडल्या पडल्या तिचा एकच घोष. चारूला बोलवा. माझ्याशी बोलायची तिची सवय मी मोडली होती, पण तेवढं बोलायची.

इंदूनं मालनबाईकडून तुझा पत्ता आणि फोन नंबर आणला होता. पत्ता नव्हता असं मी म्हणणार नाही. इंदू मला न विचारता अप्पारावांकडे गेली, त्यांना घेऊनच दवाखान्यात आली. व्हरांड्यात ते मला म्हणाले, “अहो हिम्मतराव, तो हुकूम तुमच्या बळजबरीवर आहे. आई आजारी आहे हे मुलीला कळवू नका असं कुठलं कोर्ट सांगेल? चला, कोपऱ्यावरच्या एसटीडीवरून आत्ता फोन लावू.” इंदू रडत होती. “दादा, पाया पडते, कळव.”

मी बरं म्हटलं. आत गेलो. तुझ्या आईजवळ स्टुलावर बसलो आणि सांगितलं, “वकील येऊन गेले. पोरीला निरोप धाडला तर कोर्टाचा अवमान होतो. मला तुरुंगात टाकतील.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. “मामंजींना टाकलं तसं?”

“हौ,” मी म्हटलं.

“मग नका कळवू. पोरीला काहीच कळवू नका.”

त्यानंतर तिनं तुझं नाव काढलं नाही. डॉक्टर समोर असले की ओठ घट्ट मिटून घ्यायची, तिच्या तोंडून तुझं नाव निसटलं तर मला धरून नेतील म्हणून. इंदू तुझा विषय काढायला लागली तर हातानं गप्प करायची. मी स्टुलावर बसून हे बघत होतो. मला वाटत होतं, आता बरोबरी झाली. तू कोर्टात माझं ऐकलं नाहीस, ती इथे माझं ऐकते आहे.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मला जवळ बोलावलं. आवाज राहिला नव्हता, मी कान खाली नेला. म्हणाली, “तिच्या तिथल्या खोलीला आतून कडी असेल ना हो?”

मी म्हटलं, मला काय ठाऊक.

माझ्याशी ती बोलली ते शेवटचं. आणि मी तिच्याशी.

आता नीट लिहितो, म्हणजे तुला शंका राहायला नको. तुझी आई पद्मावती मागच्या आषाढात वारली. अंबरपेठेच्या स्मशानात तिला अग्नी दिला. ते घरापासून जवळ आहे, रिक्षा लागत नाही. अस्थी नांदेडला नेऊन गोदावरीत सोडल्या. इंदूला मी प्रेतावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की तुला कळवणार नाही. तिच्यावर रागावू नको, ती तेव्हापासून माझ्याकडे आलेली नाही.

तू लिहितेस, मला फक्त तिला बघायचंय, तिला पाठवा. मीही एकदा हेच म्हणून गेलो होतो, माझ्या माणसाला माझ्यापुढे उभं करा. मला कोर्ट होतं. अर्ज होता, हुकूम होता, जीप होती. तुझ्याकडे हक्क सगळे आहेत, चारू, एकही कुणी काढून घेतलेला नाही. आता तो अर्ज कुठे करायचा ते तू बघ.

हे सगळं तुला लिहायची गरज नव्हती. ती वारली एवढं एका ओळीत लिहिता आलं असतं, आणि तू रडून सिंगापूरला गेली असतीस. पण मग तुला वाटलं असतं की ती कावीळ होऊन गेली. मला ते चालणार नव्हतं. मला एकट्याला हे घेऊन बसवत नाही. निम्मं तू ने.

तुझ्या खोलीची आतली कडी मी परत बसवली. स्क्रू जुनेच होते, डब्यात ठेवले होते. आता मी त्या खोलीत झोपतो. झोपताना कडी लावतो. घरात दुसरं कुणी नाही, तरी लावतो.

एप्रिलमध्ये यायचं असेल तर ये. हुकुमात तुला मनाई नाही. दार वाजव. मी उघडीन की नाही, ते आज सांगता येत नाही. स्वतःच्या दाराला आतून कडी लावायचा हक्क माणसाला असतो, असं तू थोरल्या न्यायमूर्तींना पटवून दिलंच आहेस.

तुझा बाप
(हे नातं कोर्टानं रद्द केलेलं नाही, म्हणून लिहिलं),
हिम्मतराव